महालक्ष्मीचं रेसकोर्स बदलतंय: रेसला जाणाऱ्यांनो, आपले अनुभव लिहा

महालक्ष्मीला रेस बघायला जाणारी मराठी माणसं कमी नाहीत, पण त्याबद्दल मोकळेपणाने लिहिणारी फार थोडी. आता मैदानाचा नकाशाच बदलत असल्यामुळे हा विषय काढतोय.

१८८३ साली मेलबर्नच्या कॉलफिल्डचा नमुना समोर ठेवून हे कोर्स आखलं गेलं. १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा मे २०१३ मध्ये संपला आणि पुढची दहा वर्षं थीम पार्क की उद्यान की आणखी काही, याच चर्चेत गेली. २०२४ मध्ये ठरलं ते असं: साधारण २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महापालिकेच्या उद्यानाला, ९१ एकर रेस भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे २०५३ पर्यंत. रेसिंग तिथेच राहणार, तबेले नव्याने बांधायचे, आणि उद्यान कोस्टल रोडच्या बाजूच्या मोकळ्या जागेशी जमिनीखालून जोडायचं.

तुम्ही महालक्ष्मीला, पुण्याला किंवा परदेशात जिथे कुठे रेस बघितली असेल, तिथे कोर्स बदलल्यावर काय मिळालं आणि काय गेलं ते लिहा. माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यात स्वस्त तिकिटावर आलेल्या माणसाला पॅडॉकमधला (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारातला) घोडा जवळून दिसला पाहिजे आणि शेवटचे दोनशे मीटर नजरेआड होता कामा नयेत. काचेच्या खोल्या, लिफ्ट, हॉटेलं हे सगळं त्यानंतर.

एकच विनंती: कुठल्या घोड्यावर पैसे लावायचे याची टीप इथे कुणी मागू नका आणि देऊ नका.

लालबागकर

वडील गिरणीत होते. रविवारी जेवण उरकलं की सातरस्त्यावरून चालत महालक्ष्मी गाठायची, हा त्यांचा नेम. मी कॉलेजात गेल्यावर मलाही नेऊ लागले. पैज अगदी थोड्या पैशांची, पण पॅडॉकपाशी ते इतका वेळ उभे राहायचे की पहिल्यांदा मला कंटाळा आला होता. मग त्यांनी दाखवायला सुरुवात केली. मानेवर फेस आलाय तो घोडा आत्ताच अर्धा दमलाय. कान सारखे मागे पाडतोय त्याचं मन रेसमध्ये नाही. हा बघ, डोकं खाली, लांब टांगा टाकत सैल चालतोय, हा ऐकणारा घोडा. रेसच्या पुस्तकातलं वजन, अंतर, मागच्या धावा हे सगळं ते घरीच वाचून यायचे, पण शेवटचा निर्णय पॅडॉकमध्ये.

त्यांच्या तोंडी कायम वसंत शिंदेंचं नाव. आपला मराठी माणूस इतक्या मोठ्या जॉकींमध्ये पहिल्या रांगेत बसतो, याचा त्या पिढीला फार अभिमान होता. माझी पिढी पेसी श्रॉफची.

जागा आमची ठरलेली, रेलिंगला पोट टेकवून. रेस सुटते तेव्हा लांबवर नुसते रंग सरकताना दिसतात. वळण संपून घोडे समोरच्या सरळ पट्ट्यात आले की आधी पायाखाली कळतं, मग कानाला. शेवटी एकदम सगळं अंगावर येतं: चाबूक, जॉकींची आरडाओरड, खुरांनी उडालेली गवताची ढेकळं. दोन-तीन सेकंदांत घोडे पुढे निघून जातात आणि आपण धरलेला श्वास सोडतो. टीव्हीवर यातलं काहीच येत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच. तबेले हलवा, झाडं लावा, पण रेलिंगपाशी उभं राहायची जागा काढून तिथे टेबलखुर्च्या मांडू नका. आणि जुन्या स्टँडला हात लावू नका. ते वारसा यादीत आहे म्हणून नव्हे फक्त. भर दुपारी त्याच्या पायऱ्यांवर सावली आणि वारा दोन्ही मिळतात, आणि मुंबईत एप्रिलमध्ये रेस बघणाऱ्याला दुसरं काय लागतं?

वरळी सीफेस

मी रेस खेळत नाही, पण वर्षानुवर्षं पहाटे तिथे चालायला जातो. समोर घोड्यांचा सराव चाललेला असतो, बगळे उतरलेले असतात. दक्षिण मुंबईत एवढा मोकळा आकाशाचा तुकडा दुसरीकडे राहिलेला नाही. उद्यान होतंय याचा मला मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं बसच्या खिडकीतून लांबूनच हिरवळ बघणाऱ्यांना आत येऊन बसता येईल. मात्र आत काँक्रीटचे रस्ते, कारंजी, दिव्यांचे खांब यांची गर्दी झाली तर बगळे पहिले जातील. जमिनीत पाणी मुरायलाही मोकळी माती हवी. पावसाळ्यात आजूबाजूचे रस्ते कसे तुंबतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

नालबंदाची लेक

माझे बाबा रेसच्या घोड्यांना नाल ठोकायचे. रोजच्या सरावाला लोखंडी नाल आणि रेसच्या आधी हलके ॲल्युमिनियमचे. ते घोड्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरायचे आणि कानशीने खूर सारखा करताना त्याच्याशी सतत बोलत राहायचे. खिळा जरा आत गेला की घोडा लंगडणार, म्हणून खिळा ठोकताना ते आवाजाकडे लक्ष द्यायचे. आवाज घट्ट आला तर ठीक, भदभद आला तर खिळा बाहेर.

स्टँडवर काय होणार याची चर्चा सगळे करतात. घोडा दिवसातले बावीस-तेवीस तास तबेल्यात असतो, तिथे काय होणार हे कुणी विचारत नाही. नवे तबेले बांधताना छत उंच हवं, वारा आरपार जायला हवा. कोंदट जागेत गवताची धूळ आणि मुताचा वास साठला की घोड्यांची छाती धरते, आणि छाती धरलेला घोडा काय धावणार? जमीन निसरडी नको. तबेल्यातून ट्रॅकवर जायची वाट गाड्यांच्या वाटेला छेदणारी नको. भुयाराचं खोदकाम चालू असताना घोडे बिथरतील, त्याचा विचार आधी झाला पाहिजे. बाबा म्हणायचे, घोड्याला अचानक आलेला आवाज नको असतो, रोजचा असेल तर तो आगगाडीलाही सरावतो.

घोड्यांची निगा राखणारे सईस आणि सरावाला घोडे पळवणारे रायडिंग बॉय यांच्यासाठी नीट खोल्या, न्हाणीघर, मुलांना शाळेला जायला सुरक्षित वाट, हे आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवं. घोड्याला पहिलं पाणी तेच दाखवतात.

रेडिंगहून

मी इंग्लंडमध्ये राहतो, ॲस्कॉटचं रेसकोर्स इथून जवळ. कोर्स बदलताना काय चुकू शकतं याचं मोठं उदाहरण तिथे घडलं. सप्टेंबर २००४ मध्ये कोर्स बंद केलं. २००५ ची रॉयल मीटिंग (रॉयल ॲस्कॉट, तिथल्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रेस) यॉर्कला झाली आणि जून २००६ मध्ये राणीच्या हस्ते नवं स्टँड उघडलं. खर्च सुमारे २० कोटी पौंड. आतून इमारत डोळे दिपवणारी आहे, मधोमध उंच काचेचा मंडप आणि वरपर्यंत जाणारे सरकते जिने. पण पहिल्याच वर्षी तक्रारींचा पाऊस पडला. खालच्या मजल्यांवरून रेसच दिसत नव्हती. पायऱ्यांचा उतार कमी, आणि रॉयल ॲस्कॉटला तर बायकांच्या हॅट! वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं. शेवटी पायऱ्या आणि उभं राहायच्या जागा सुधारायला आणखी सुमारे एक कोटी पौंड खर्च करावे लागले.

मी गेलो तो ही दुरुस्ती झाल्यानंतर आणि मला व्यवस्थित दिसलं. स्टँडच्या मागे परेड रिंग केली आहे ती तर फारच सुंदर जमली आहे, चारी बाजूंनी पायऱ्या, साध्या तिकिटावरही घोडा अगदी पुढ्यात. पण ज्यांनी जुनं ॲस्कॉट बघितलंय असे माझे इंग्रज शेजारी अजून म्हणतात की आता लोक इमारत बघायला येतात. मला ते पूर्ण पटत नाही. मात्र एक गोष्ट महालक्ष्मीच्या आराखड्यात पडताळून बघायला हवी: माणसं भरलेल्या स्टँडमध्ये, पुढे उंच माणूस उभा असताना, खालच्या पायरीवरून विनिंग पोस्ट (रेस संपते तिथला खांब) दिसतो का?

दादरची

रेसला बायका येत नाहीत असं म्हणतात. मी नवऱ्याबरोबर जाते आणि पुस्तक त्याच्यापेक्षा नीट वाचते. एका कोर्सवर (कुठलं ते लिहीत नाही) स्वस्त बाजूला बायकांचं स्वच्छतागृह शोधताना माझ्या दोन रेस हुकल्या. नव्या आराखड्यात बाकी काही करा न करा, हे करा.

मेलबर्नचा जोशी

महालक्ष्मीने ज्याचा नमुना घेतला त्या कॉलफिल्डजवळ आम्ही राहतो. गंमत अशी की तुमच्याकडे आता जे करायचं म्हणताहेत ते इथे फार जुनं आहे. ही जमीन सरकारी राखीव आहे आणि तिचे हेतू तीन: रेसकोर्स, खेळाचं मैदान आणि लोकांसाठी बाग. भांडण कायम असायचं की तिन्हींपैकी रेसिंगलाच सगळं मिळतं, मधल्या बागेत जायची वाट लोकांना सापडतही नाही. शेवटी २०१७ मध्ये वेगळा कायदा करून एका ट्रस्टकडे कारभार दिला.

माझ्या मुली आत सायकल शिकल्या. ट्रॅकखालच्या भुयारातून आत जायचं, मधे तळं. इथे मला पटलेली गोष्ट ही की कागदावर बाग खुली असून भागत नाही. फाटक कुठे आहे, किती वाजता उघडतं आणि रेसच्या दिवशी बंद राहणार का, याची पाटी बाहेर ठळक लागली पाहिजे. ९१ आणि १२० एकर हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण भुयाराचं तोंड कुठे उघडतं यावर बागेत कोण येणार ते ठरेल. महालक्ष्मी स्टेशनवरून, धोबीघाटाच्या बाजूने चालत येणाऱ्याला सरळ वाट हवी. फक्त कोस्टल रोडच्या गाड्यांसाठी केली तर बाग गाडीवाल्यांची होईल.

परळ, जुना खेळाडू

स्टँड सोन्याचं बांधा, पण गर्दी कराने घालवली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. घोडेशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे, तरी कर जुगाराच्या रांगेतला. याचा परिणाम उलटा होतो. टोटच्या (कोर्सवरच्या अधिकृत पैजेच्या) खिडकीवर पावती घेऊन खेळणारा माणूस फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातो, आणि तिथून ना सरकारला काही मिळतं ना घोड्यांना.

सिंगापूर

आमच्याकडे बदललं नाही, संपलंच. एकशे ऐंशी वर्षांहून जुनं रेसिंग ५ ऑक्टोबर २०२४ ला क्रांजीच्या कोर्सवर थांबलं. जमीन सरकारला परत, घरांसाठी. क्रांजीचं स्टँड तर जेमतेम पंचवीस वर्षांचं. ट्रेनर, जॉकी, सईस यांना दुसऱ्या देशांत काम शोधावं लागलं, घोडे विमानाने गेले. त्यामुळे १२० एकर गेले म्हणून हळहळणाऱ्यांना एवढंच सांगते की ९१ एकरांवर ट्रॅक उरलाय, तो जपा.

सावंतवाडी

माझं मत वेगळं आहे. माझ्या काकांनी रेसपायी घर विकलं, काकूने उरलेलं आयुष्य भाड्याच्या खोलीत शिवणकाम करून काढलं. माझ्या मते सगळी जमीन बागेला द्यायला हवी होती.

लालबागकर

सावंतवाडीकर, तुमचं वाचून वाईट वाटलं. अशी घरं मीही आमच्या चाळीत बघितली आहेत. वडील खिशात ठरलेलेच पैसे घेऊन निघायचे, ते संपले की उरलेल्या रेस नुसत्या बघायचे. सगळ्यांना ते जमत नाही हे खरं. टोटच्या प्रत्येक खिडकीशेजारी मदत मिळण्याचा फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत लावायला हवा. नव्या आराखड्यात हे माझ्या रेलिंगच्या आधी यावं.

कॅम्प, पुणे

ज्यांना महालक्ष्मीचं काम चालू असताना चुकल्यासारखं वाटेल त्यांनी पावसाळ्यात पुण्याला यावं. इथलं कोर्स १८३० चं, लष्कराच्या जमिनीवर. हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा त्यानंतर सुरू होतो. पावसात ट्रॅक जड होतो आणि उन्हाळ्यातले हिरो घोडे मागे पडतात, त्यामुळे पुस्तक वाचणाऱ्याची खरी परीक्षा इथेच. म्हाताऱ्या आईवडिलांना आणणार असाल तर पहिल्या रेसच्या बऱ्याच आधी पोहोचा, स्टँडच्या मधल्या पायऱ्या धरा, छत्रीबरोबर रेनकोटही घ्या. छत्री उघडली की मागचा ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं.