आईच्या पाठीला जखम झालीय, वृद्धाश्रमाची तक्रार कुठे करायची? (तातडीने मदत हवी आहे)

सागरगोटा:
रविवारी आईला भेटायला गेले तर माकडहाडावर जखम. रुपयाएवढी, आणि वास येतोय. विचारलं तर म्हणे वयामुळे होतं. डायपरचे पैसे वेगळे, औषधांचे वेगळे, आता बाईचेही वेगळे मागतायत. फोन केला की "आजी झोपल्यात". दुपारी बारालाही झोपल्यात, संध्याकाळी सहालाही झोपल्यात! तक्रार कोणाकडे करायची तेवढंच सांगा. घरी का ठेवत नाही हे कृपया विचारू नका.

बांधावरचा:
जिल्हा कोणता? आश्रम ट्रस्टचा की खाजगी? आई हिंडत्या-फिरत्या आहेत की झोपून? काहीच सांगितलं नाहीत तर कोण काय सांगणार?

पोफळी:
गावाक घर आसा मां? मगे आवशीक आश्रमात कित्याक ठेवलास?

सागरगोटा:
@पोफळी, शेवटची ओळ वाचलीत का? @बांधावरचा, रत्नागिरी जिल्हा. बाकीच्याचा तक्रारीशी काय संबंध?

रात्रपाळी:
मी सिस्टर आहे. तक्रार नंतर, जखम आधी. याला बेडसोर म्हणतात आणि तो वयामुळे नाही, एकाच जागी दाब राहिल्यामुळे होतो. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. सुरुवातीला नुसती लाली येते, बोट दाबलं तरी न जाणारी. तेव्हा लक्ष दिलं तर पुढचं बरंचसं टळतं. वास येतोय म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो, सर्जनला दाखवा, उद्या नाही आजच. ताप आहे का? साखर आहे का? कूस बदलल्याची नोंद ठेवतात का ते विचारा. वही नसेल तर काय ते समजा. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं नसतं. आणि दिवसभर झोपतात तर गोळ्या कुठल्या चालू आहेत त्याची यादी मागून डॉक्टरांना दाखवा.

आमसूल६६:
आमच्या आजोबांना खोबरेल तेलात हळद कालवून लावायचो. आठ दिवसांत साफ. ॲलोपथीवाले उगाच घाबरवतात.

रात्रपाळी:
उघड्या जखमेत हळद भरू नका हो! लाल झालेल्या जागी चोळूही नका, स्पिरिट नको, मधे भोक असलेली ती गोल उशीही नको.

आमसूल६६:
मग आमचे आजोबा बरे कसे झाले?

तळ्यातमळ्यात:
आईंनी घर तुमच्या नावावर केलंय का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ वाचा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत घेता येते.

सागरगोटा:
घर कुठून आलं मध्येच??

खाडीपलीकडे:
तळ्यातमळ्यात, तो कायदा मुलांविरुद्धचा. प्रांतांपुढे पोटगी मागायला चालतो, आश्रमाविरुद्ध नाही. ताई, पैसे घेऊन सेवा देतात ना? मग ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही अर्ज करता येतो, रत्नागिरीला खेटे नकोत. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे, शिवाय जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज. पोच घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फोन फुकट लागतो. जखमेचे तारखेसह फोटो काढा, डॉक्टरांकडून जखमेचं वर्णन लिहून घ्या. फोनवर भांडून काही हाती लागत नाही.

देवगडकर_जुना:
सगळे आश्रमवाल्यांना शिव्या देताय म्हणून लिहितो. माझ्या बहिणीचा आश्रम आहे. रात्रीला बाई मिळत नाही. मुलं-सुना मुंबई-पुण्याला, गावातल्या बाया काजूच्या कारखान्यात जातात. तिथं मान वर करून बसता तरी येतं. इथं हगणं-मुतणं काढायचं कोणी? एका बाईच्या जिवावर अख्खा मजला.

बांधावरचा:
बाई मिळत नाही तर झोपून असलेले पेशंट घेऊ नयेत. पैसे घेताना कळत नाही?

देवगडकर_जुना:
नाही घेतलं तर हीच मुलं दारात रडतात.

सागरगोटा:
आईचा खुबा गणपतीत मोडला. ऑपरेशन झालं, तेव्हापासून झोपूनच. साखर आहे. ताप माहीत नाही, आश्रमवाले सांगत नाहीत. मी ठाण्याला.

रात्रपाळी:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! साखर आणि वास येणारी जखम, आता थांबूच नका. हाडापर्यंत पोचली तर महिनोन्‌महिने निस्तरत बसावं लागेल. जेवणात डाळ, दूध, अंडी खात असतील तर अंडी, असं प्रथिनं असलेलं काय देतात तेही विचारा. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही.

पोफळी:
पेजेक नावा ठेवू नका. आमचो आजो पेजेरच नव्वद वर्सा जगलो.

खाडीपलीकडे:
आईंचं वय सत्तरच्या पुढे असेल तर आयुष्मानचं कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात भरती केलं तर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. खुब्याच्या वेळी काढलं नव्हतंत का?

चाकरमानी_परेल:
दापोली-गुहागरकडे चांगला आश्रम कोणाला माहीत आहे का? समुद्र दिसणारा असेल तर उत्तम. वडिलांसाठी.

बांधावरचा:
नवीन धागा काढा हो.

सागरगोटा:
मावसभाऊ चिपळूणहून निघालाय, आईला हॉस्पिटलला हलवतोय. आश्रमवाले म्हणतात, महिन्याची नोटीस न देता नेलंत तर डिपॉझिट विसरा. असं करता येतं का त्यांना?

खाडीपलीकडे:
करारात काय लिहिलंय? डिपॉझिट किती? पावती कोणाच्या नावाची, तुमच्या की आईंच्या?