घरातला टीव्ही कोणाच्या मोबाईलवर चालतो? (अनुभव धागा)

परवा नौपाड्यातल्या आमच्या घरी इंटरनेटवाला बदलला. माणूस आला, जुना राउटर काढला, नवा बसवला, मोबाईलवर वेग दाखवला आणि गेला. रात्री आठला आईने मालिका लावायला टीव्ही सुरू केला तर त्याला मागून लावलेली स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर आणणारी कांडी) म्हणते, वाय-फाय सापडत नाही. स्टिकचा रिमोट दिवाळीच्या साफसफाईपासून बेपत्ता आहे. आजवर काही अडलं नव्हतं, कारण त्याचं काम मोबाईलवरचं अ‍ॅप करत होतं. पण अ‍ॅप स्टिकशी बोलतं ते वाय-फायवरूनच, आणि स्टिक बसलीय जुन्या राउटरची वाट बघत. म्हणजे वाय-फाय बदलायला अ‍ॅप हवं आणि अ‍ॅप चालायला वाय-फाय हवं. शिवाय स्टिक लावून दिली होती वहिनीने, स्वतःच्या खात्यावर. दादा-वहिनी दोन वर्षांपासून सिंगापूरला. तिथे तेव्हा साडेदहा वाजलेले, वहिनी फोन उचलेना.

आई म्हणाली, "पूर्वी रिमोट सापडला नाही तर उठून टीव्हीचं बटण दाबायचो. आता काय बटण दाबायला सिंगापूरला जाऊ?"

तेव्हा लक्षात आलं की रिमोट सोफ्यावर पडलेला असायचा, ज्याच्या हाती लागेल तो राजा. अ‍ॅप मात्र कोणा एकाचं असतं. तुमच्याकडे कसं आहे? टीव्ही, स्टिक, डोंगल (फोनवरून सांगितलेलं टीव्हीवर लावणारं यंत्र), स्पीकर, साउंडबार, जे काही मोबाईलवरून चालतं त्याचे किस्से आणि जुगाड लिहा. ठाणे-नवी मुंबईकरांनी तर नक्कीच, आपल्याकडे भिंतीला भिंत आणि वाय-फायला वाय-फाय लागून आहे. कंपन्यांची नावं नकोत, मग धागा भांडणावर जातो.

ऐरोलीचा_पेइंग_गेस्ट
आमच्या फ्लॅटमध्ये सात पोरं, एक टीव्ही, एक वाय-फाय. कोणीही टीव्हीवर काही टाकलं की बाकी सहा जणांच्या अँड्रॉइड फोनवर आपोआप पट्टी यायची, "हॉल टीव्हीवर अमुक चालू आहे", आणि शेजारी पॉजचं बटण. आता सात पोरांना पॉजचं बटण दिल्यावर काय होणार? शेवटची ओव्हर, सहा बॉल बारा रन, बॉलर धावत येतोय... आणि चित्र थिजलं. करणारा माइंडस्पेसमध्ये, म्हणजे ऑफिसात नाही, बाथरूममध्ये होता. दोन महिने संशयाचं वातावरण. मग कळलं की ज्याच्या खात्यावर डोंगल आहे त्याला अ‍ॅपमध्ये डोंगलच्या सेटिंगमध्ये जाऊन "इतरांना नियंत्रण करू द्या" बंद करता येतं. केलं. आता तो एकटाच पॉज करतो, आणि वर भाडं वेळेवर मागतो.

सानपाड्याचा_तारवाला
धागाकर्त्यासाठी आधी उपाय, मग गप्पा. नव्या राउटरला जुन्या वाय-फायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षर न् अक्षर तेच, स्पेलिंगमधलं लहान-मोठं अक्षरसुद्धा. स्टिकला फक्त नाव-पासवर्ड ठाऊक असतो, डबा बदलल्याचं तिला कळतही नाही. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा, नवे राउटर कधी कधी डब्ल्यूपीए३ लावून येतात आणि जुनी यंत्रं त्याला ओळखत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना तेही बघा. राउटरला हात लावायचा नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट जुन्याच नाव-पासवर्डने सुरू करा, दुसरा फोन त्याला जोडा. स्टिकही तिथे येऊन बसेल, मग दुसऱ्या फोनच्या अ‍ॅपमधून तिला नवं वाय-फाय सांगा.

आता गप्पा. बहुतेकांना वाटतं की फोनमधला सिनेमा हवेतून टीव्हीवर जातो. कास्ट करताना, म्हणजे अ‍ॅपमधून व्हिडिओ टीव्हीवर लावताना, तसं होत नाही. फोन डोंगलला फक्त पत्ता सांगतो, "हा व्हिडिओ इथे आहे, घेऊन ये". डोंगल तो स्वतः इंटरनेटवरून आणतं. म्हणून फोन लॉक केला, बॅटरी संपली, तुम्ही दूध आणायला गेलात, तरी सिनेमा चालूच राहतो. मिररिंग वेगळं. त्यात फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर उमटतो, फोन तापतो आणि मधेच बायकोचा मेसेज पाहुण्यांना दिसतो.

"डिव्हाइस सापडत नाही" ही जी रड असते तिचं कारण बहुधा असं. अ‍ॅप उघडलं की फोन घरच्या नेटवर्कवर हाळी देतो, "कोण आहे रे इथे?" यंत्रं ओ देतात. ही हाळी राउटरच्या आतच फिरते. फोन गेस्ट वाय-फायवर असेल, किंवा राउटरमध्ये यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची सोय चालू असेल, तर हाळी पोचतच नाही. फोनला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन चालू असलं तरी बऱ्याचदा तेच. आणि आयफोनवाल्यांनो, आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक अ‍ॅप "लोकल नेटवर्क" वापरायची परवानगी विचारतं. घाईत "नको" दाबलं असेल तर अ‍ॅप आयुष्यभर आंधळं. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या. चार घरांत मी एवढंच केलं आणि चार वेळा चहा मिळाला.

पातलीपाडा_सातवा_मजला
आमचा किस्सा स्पीकरचा. नवरा पहाटे साडेपाचला उठून फोनवरून भूपाळ्या लावतो. एक दिवस आवाजच नाही. तो वाढवतोय, वाढवतोय, पूर्ण वर. तेवढ्यात आठव्या मजल्यावरच्या काकू दारात, गाउनवर ओढणी घेऊन. "अहो, आमचा स्पीकर बंदच होत नाहीये!" त्यांच्या मुलाने आमच्याच मॉडेलचा ब्लूटूथ स्पीकर आणला होता. त्यांच्याकडे बघायला म्हणून एकदा यांनी आपला फोन जोडला, तो जोडलेलाच राहिला. आमचा चार्जिंगला बंद होता, फोनने वरचा पकडला. आता नावं बदलून ठेवलीत. काकूंचा स्पीकर "वरचा", आमचा "खालचा". काकू आता स्वतःहून विचारतात, आज भूपाळी नाही का?

नेरूळची_सासू
माझी सून कॅनडात. जाताना आमच्या हॉलमधला बोलका स्पीकर तिच्याच खात्यावर राहिला. तिकडे तिने नवा घेतला, त्याचंही नाव "हॉल". एका रात्री अडीच वाजता आमच्या हॉलमध्ये अंगाईगीत सुरू झालं. ह्यांना वाटलं चोर. मी म्हटलं, चोर अंगाई कशाला लावेल? टोरोंटोत तेव्हा संध्याकाळचे पाच, सून बाळाला झोपवत होती आणि फोनला म्हणाली, "हॉलमध्ये लाव". फोनने आमचा हॉल निवडला. मी तिला फोन केला तर आधी घाबरली, मग दोघी हसत सुटलो. तिने आमच्या स्पीकरचं नाव "नेरूळ" केलं, खातं मात्र बदललं नाही. मीही आठवण केली नाही.

कोपरखैरणे_सेक्टर
एकच सांगते. स्टिकला टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून वीज देऊ नका. जुन्या टीव्हीची ती भोकं बहुतेक अर्धा अँपिअरच देतात, स्टिकला एकच्या आसपास लागतो. मग ती मधेच बंद पडते आणि आपण अ‍ॅपला शिव्या देतो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीत लावा.

वर्तकनगर_मंडळ_कार्यकर्ता
सोसायटीच्या गणपतीत हौस म्हणून तीन स्पीकर लावले. दोन वाय-फायवाले, अ‍ॅपमध्ये गट करून, आणि तिसरा जिन्यात ब्लूटूथवर. आरती सुरू झाली. मंडपात एक ओळ, जिन्यात तीच ओळ पाऊण सेकंदाने. टाळ्या वाजवणारे दोन गटांत फुटले. जिन्यातल्या आजी म्हणाल्या, "मी ह्यांच्याबरोबर म्हणते, तुम्ही मागून या." ब्लूटूथला उशीर असतोच. तो आम्ही काढून टाकला, तिसराही वाय-फायचा आणला आणि गटात घातला. तरी तो किंचित मागे होता. अ‍ॅपमध्ये प्रत्येक स्पीकरचा उशीर जुळवायची सरकपट्टी असते, ती अर्धा तास इकडेतिकडे करत बसलो. कानाने जुळवायचं, दुसरा मार्ग नाही. तबला वाजवणाऱ्या पोराला बसवा, माझ्यासारख्या अकाउंटंटला नको.

कळवा_ब्रिज
९ मार्च २०२५. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल जिंकली, नाचून झालं. जेवून हायलाइट्स बघायला डोंगल लावलं तर म्हणतं, यंत्राची खात्री करता येत नाही. दहा वर्षं जुनं मॉडेल, काल रात्रीपर्यंत ठणठणीत. मला वाटलं वाय-फाय, मग वाटलं केबल, मग रात्री साडेबाराला मी ते पूर्ण रीसेट केलं. तीच चूक. नंतर कळलं की जगभर त्या मॉडेलचं हेच झालंय. आतलं एक डिजिटल प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचं होतं, ती त्याच दिवशी संपली, म्हणून फोनने त्याला ओळखायलाच नकार दिला. ठाणे पूर्वेला राहणाऱ्या माझ्या भावाकडे तेच मॉडेल. त्याने आळशीपणाने काहीच केलं नाही, आणि चार-पाच दिवसांनी दुरुस्ती आपोआप येऊन ते सुरू झालं. माझं रीसेट केलेलं असल्याने ते नव्याने जोडता येईना, अ‍ॅपची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागलं. भाऊ अजून ऐकवतो. तात्पर्य वगैरे नाही, पण रीसेटचं बटण दाबण्याआधी एक रात्र झोपून बघा.

वाशीचे_निवृत्त
मी ७२ वर्षांचा. मुलाने सगळं मोबाईलवर करून दिलं आणि म्हणाला, "बाबा, सोपं आहे." सोपं त्याला. माझी बोटं कोरडी, पडदा ओळखतच नाही. आवाज कमी करायला चष्मा शोधा, कुलूप उघडा, अ‍ॅप शोधा, तोवर जाहिरात संपलेली असते. मी साध्या रिमोटच्या बाजूने आहे आणि राहीन.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. आमच्या काँक्रीटच्या इमारतीत ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह नुसती खरखरते. आता आकाशवाणीच्या अ‍ॅपवरून अस्मिता वाहिनी स्पीकरवर लागते, स्वच्छ. बाकी लाईव्ह असूनही आवाज हवेतल्यापेक्षा मागून येतो. त्यामुळे वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नका, मी लावलं होतं.

उलवे_भाडेकरू
भाड्याच्या घरात मालकाचा स्मार्ट टीव्ही मिळत असेल तर पहिल्या दिवशी फॅक्टरी रीसेट करा. आमच्याआधीच्या भाडेकरूचं खातं तसंच होतं. आम्ही काय बघतो ते त्याच्या "पुढे बघा" यादीत जात होतं. त्याने मालकामार्फत निरोप पाठवला, "त्या मालिकेचा शेवट कळला, आभार."

धागाकर्ता
तारवाल्यांचा पहिला उपाय चालला! वहिनीने सकाळी जुन्या वाय-फायचं नाव सांगितलं, पासवर्ड दादाच्या जुन्या स्कूटरचा नंबर निघाला. राउटरला तेच दिलं, दोन मिनिटांत स्टिक जोडली गेली. मग अ‍ॅप आईच्याही फोनवर टाकलं, आणि वाय-फायचं नाव, पासवर्ड, कुठलं यंत्र कोणाच्या खात्यावर, हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

नवी अडचण अशी की आई आता स्वयंपाकघरातून मालिका पॉज करते. कुकरची शिट्टी झाली की हॉलमध्ये चित्र थांबतं. मावशी आलेली असली तरी.

पनवेलकर_जुने
त्या कागदाचा फोटो टाका ना, पासवर्ड झाकून. आमच्याकडे पण लावतो.

धागाकर्ता
टाकला असता. आईने त्याच्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय.