प्रतिसाद: बिल्ले नुसते आठवणीपुरते नव्हते
मध्ययुगीन युरोपातले ख्रिस्ती यात्रेकरू तीर्थस्थळाहून जे धातूचे बिल्ले आणत, ते म्हणजे नुसती यात्रेची खूण, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. इंग्लंडमधल्या कँटरबरीला आर्चबिशप टॉमस बेकेटचा खून ११७० मध्ये झाला, ११७३ मध्ये तो संत ठरला. त्याच्या रक्ताचा अंश असलेलं म्हणून जे पाणी मिळे, ते शिशा-कथलाच्या चपट्या कुपीत भरून यात्रेकरू गळ्यात अडकवून घरी नेत. आजाऱ्याला तेच पाजायचं! जर्मनीतल्या आखेनला तर गर्दीमुळे पवित्र अवशेषांजवळ जाणंच मुश्कील. मग आरसा बसवलेला बिल्ला उंच धरून लांबूनच कृपा पकडायची. असले आरसे घाऊक बनवायचा धंदा पुढे छपाईमुळे प्रसिद्ध झालेल्या गुटेनबर्गने त्याआधी काढला होता. पण १४३९ ची यात्रा वर्षभर पुढे ढकलली गेली आणि भागीदारांचे पैसे अडकले.