पारसिकच्या बंद खाणींतली एक तरी भिंत उघडी ठेवावी का?

कातळवाचक, नेरूळ

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेत वर्षानुवर्षे दगडाच्या खाणी चालल्या. त्यांतल्या बऱ्याच आता बंद आहेत. त्यांचे पुढे काय करायचे असा विषय निघाला की बहुधा दोनच सूचना ऐकू येतात. एक, भराव घालून जागा वापरात आणावी. दुसरी, माती पसरून झाडे लावावीत. दोन्हींत कापलेला कातळ झाकला जातो. माझे मत असे आहे की निदान एक भिंत उघडी ठेवावी आणि तिच्यासमोर लोकांना सुरक्षित अंतरावर उभे राहता येईल अशी व्यवस्था करावी.

महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश भूमी ज्या काळ्या बेसाल्टवर उभी आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून वर आलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. आज हा कातळ सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हा सगळा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर पसरून थिजायचा, मग काही काळ शांततेत जायचा, त्या काळात थराचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजून त्याची माती व्हायची आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरून तिला विटेसारखी भाजून काढायचा. दोन काळ्या थरांमधला लाल पट्टा दिसतो तो हाच. कर्जतवरून खंडाळ्याचा घाट चढताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात त्याही या थरांच्याच. या कातळाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात, त्यातले ‘ट्रॅप’ हे नाव पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून पडले आहे.

आता नेरूळहून स्वच्छ हवेच्या दिवशी पूर्वेला माथेरान पाहावे. माथा सपाट, कड्यावरचे पट्टे आडवे. पारसिकच्या खाणींत मात्र तेच पट्टे पश्चिमेकडे, खाडीच्या दिशेने उतरलेले आहेत. पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत घडलेल्या या बदलाला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्श्चर’ म्हणतात. लाव्हा ओतून झाल्यानंतर भारताची पश्चिम कड आणि सेशेल्सचा भूभाग एकमेकांपासून दूर सरकले, मधले भूकवच ताणले जाऊन खचले आणि आडवे थर समुद्राकडे वाकले. भूखंड कुठे वाकला, हे शाळेतल्या मुलाला बोट दाखवून सांगता येईल अशी जागा आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ती मातीखाली घालवणे मला पटत नाही.

सह्यभ्रमंती, डोंबिवली

आपला जिव्हाळा समजतो, तरीही मी विरोधात आहे. ज्याने राज्याचा बहुतेक भाग व्यापला आहे तो कातळ दुर्मीळ नाही, आणि तो पाहायचा तर त्यासाठी उत्तम जागा आधीच ओळखल्या गेल्या आहेत. पाचगणी आणि महाबळेश्वरची दख्खन ट्रॅपची स्थळे 2025 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आहे, तिथे लाव्हा थंड होताना तयार झालेले उभे स्तंभ भर वस्तीत दिसतात. लोणार तर याच बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले विवर आहे. एवढे असताना सुरुंगांनी फोडलेली भिंत आपण वारसा म्हणून का जपावी?

माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. खाण ही डोंगराला झालेली जखम आहे. नवी मुंबई उभारताना आपण किती टेकड्या उतरवल्या ते आठवावे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी आपल्या डोळ्यांदेखत सपाट झाली. उरलेल्या, न कापलेल्या डोंगरांसाठी जी ताकद लावायला हवी ती आपण कापलेल्या भागाचे कौतुक करण्यात घालवली, तर उद्या नवा डोंगर फोडणाऱ्यालाही सांगता येईल की फोडल्यामुळेच ज्ञान मिळते. मुंब्र्याच्या देवीच्या डोंगराचे कडे आहेत, मलंगगड आहे. निसर्गाने स्वतः उघडे केलेले कातळ वाचायला आपल्याकडे पुरेसे आहेत.

पायाभरणी, ठाणे

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझी बरीच वर्षे कापलेल्या डोंगरउतारांच्या कामात गेली आहेत. माझा विरोध पूर्णपणे सुरक्षिततेचा आहे. कातळवाचक यांनी जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले तेच इथे धोक्याचे मूळ आहे.

आडव्या थरांचा कडा कापला तर थर एकमेकांवर बसून राहतात आणि पडझड होते ती मुख्यतः उभ्या सांध्यांमुळे, म्हणजे कातळातल्या उभ्या नैसर्गिक भेगांमुळे. पारसिकला थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि खाणींची मुख्य तोंडेही डोंगराच्या पश्चिम अंगाला आहेत. म्हणजे थराचा खालचा टोकाकडचा आधार खाणीने कापून नेला आणि वरचा थर उताराच्या दिशेला मोकळा राहिला. त्याच्याखाली जर लाल मातीचा पट्टा असेल तर पावसाचे पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून उतरून त्या पट्ट्यावर अडते, माती फुगते, मऊ होते, आणि वरची शिळा तिच्यावरून घसरायला तयार होते. यात सुरुंगांनी पडलेल्या भेगांची भर घाला. या भेगा निसर्गाच्या नाहीत, त्या कातळात खोलवर गेलेल्या असतात आणि बाहेरून नेहमीच दिसतात असे नाही. अशा भिंतीखाली शाळेच्या मुलांची रांग उभी करण्याच्या कागदावर मी सही करणार नाही. भिंतीला टप्पे पाडून, खाली भराव देऊन, वर झाडोरा वाढू देणे हाच जबाबदारीचा मार्ग आहे.

घणसोलीकर

वेगळा मुद्दा मांडतो. बंद खाणीत पावसाचे पाणी साठते. ताजा, अखंड बेसाल्ट पाणी मुरू देत नाही, ते जिरते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून, म्हणून असे साठे उन्हाळ्यात बराच काळ टिकतात. भिंत राखायची की बुजवायची हे ठरवताना भरावाने हा पाणवठा जाणार, याचाही हिशेब व्हावा. माझा कल खाणी न बुजवण्याकडे आहे.

कातळवाचक, नेरूळ

सह्यभ्रमंती, आपल्या पहिल्या मुद्द्याला उत्तर देतो. महाबळेश्वर-पाचगणीचे मोल निर्विवाद आहे, पण तिथली भिंत दुसरी गोष्ट सांगते. 1980 च्या दशकात रासायनिक घटकांवरून या लाव्हाथरांची जी क्रमवारी लावली गेली, तिच्यात आंबेनळी आणि महाबळेश्वर हे वरचे गट आहेत. त्यांच्याखाली खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, जव्हार अशी नावे येतात. आपल्या लोकलची आणि घाटांची नावे जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो. महाबळेश्वरला ही रास कशी रचली गेली ते दिसते, आणि तिथे ती जवळजवळ आडवी आहे. रचल्यानंतर तिच्या पश्चिम कडेचे काय झाले, हे पाहायला पठारावर जाऊन उपयोग नाही. त्यासाठी कोकणपट्टीत, आपल्याकडेच, यावे लागते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच पट्ट्यात का आहेत, ठाणे-रायगड भागात कातळात उत्तर-दक्षिण उभ्या घुसलेल्या डोलेराइटच्या (भेगांत थिजलेल्या लाव्हारसाच्या काळ्या खडकाच्या) भित्ती एवढ्या का आढळतात, हे सगळे प्रश्न त्या वाकण्याशी जोडलेले आहेत. शिवाय हा साधा बाक आहे की अनेक प्रस्तरभंगांवर (कातळ तुटून सरकतो अशा भेगांवर) सरकलेल्या ठोकळ्यांची मालिका आहे, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. वाद मिटलेला नसताना पुरावा झाकू नये.

नैसर्गिक कड्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. मुंब्र्याचा कडा सुंदर आहे, पण पावसाळ्यात त्यावर गवत आणि शेवाळ, उन्हाळ्यात करपलेला काळा थर, आणि लाल पट्टे तर सगळ्यात आधी झिजून झाडोऱ्याखाली जातात. थराचा ताजा छेद, पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे पांढरे स्फटिक, लाल पट्ट्याचा भाजलेला वरचा काठ, हे स्पष्ट दिसते ते कापलेल्या भिंतीतच. भूविज्ञानाचा मोठा भाग रेल्वेच्या छेदांत, बोगद्यांत आणि खाणींतच उलगडला आहे. हा पारसिकचा डोंगरही 1916 साली सुरू झालेल्या बोगद्यासाठी आरपार पोखरला गेला होता.

पायाभरणी, आपल्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. थरांचा कल आणि खाणीचे तोंड एकाच दिशेला असण्याचा अर्थ मी लक्षातच घेतला नव्हता.

तुर्भ्याची लेक

माझे वडील आणि आजोबा दोघेही याच रांगेतल्या खाणींत होते. आम्ही वडार. मी शिकून आता कार्यालयात नोकरी करते, पण बालपण क्रशरच्या धुळीत आणि सुरुंगाच्या भोंग्यात गेले. इथली चर्चा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली अशी की ही भिंत ‘सुरुंगांनी फोडली’ असे वारंवार लिहिले गेले आहे, जणू ती आपोआप फुटली. ती माणसांनी फोडली. लाल पट्टा कुठे येणार हे वडील वरच्या दगडाचा रंग आणि पहारीचा आवाज यांवरून ओळखत. त्या पट्ट्यात सुरुंगाची ताकद वाया जाते, म्हणून भोक त्याच्या वर थांबवायचे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पोकळीतले पांढरे खडे ते माझ्यासाठी रुमालात बांधून आणत. थर खाडीकडे उतरतात हे त्यांना ठाऊक होते. पाणी कुठल्या कोपऱ्यात साठणार आणि पंप कुठे लावायचा, हे त्यावरूनच ठरे. भिंत ठेवाल तर तिच्यापुढच्या फलकावर 6.6 कोटी वर्षांबरोबर या माणसांचीही ओळ असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खाणींच्या पायथ्याशी आजही लोक राहतात. पायाभरणी दादांनी सांगितलेली घसरण ही त्यांच्यासाठी दर पावसाळ्यातली रात्र आहे. दगड सुटला म्हणून रात्रभर भिजत बाहेर बसलेले मी पाहिले आहे, त्यांत मीही होते. तेव्हा भिंत उघडी ठेवा किंवा झाका, पहिला पैसा त्या घरांच्या सुरक्षिततेवर खर्च झाला पाहिजे. हे आधी होणार नसेल तर मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे.

पायाभरणी, ठाणे

ताई, आपला क्रम योग्य आहे आणि अभियंता म्हणून मीही तोच धरीन. वस्तीच्या वरच्या बाजूच्या तोंडांना जाळ्या, सुटे दगड काढणे आणि पाण्याला वाट करून देणे, हे आधी.

आपण लिहिलेल्या पंपाच्या कोपऱ्यावरून मला एक गोष्ट सुचली, आणि त्यामुळे माझे आधीचे मत थोडे बदलावे लागत आहे. खाणीला एकच भिंत नसते. पूर्वेकडची मागची भिंत उत्तर-दक्षिण जाते. तिच्यात थर आपल्या अंगावर उतरतात आणि धोका तिथेच आहे. शिवाय त्या भिंतीसमोर उभे राहिल्यास पट्टे आडवेच दिसतात, कारण आपण कलाच्या नेमके समोर असतो. थरांचा कल डोळ्यांना दिसतो तो पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बाजूच्या भिंतींत. त्या भिंतींत थर पाहणाऱ्याच्या दिशेने घसरत नाहीत, ते भिंतीला समांतर, एका कडेकडे उतरतात. म्हणजे जी भिंत कातळवाचक यांना हवी आहे ती आणि ज्या भिंतीची मला भीती वाटते ती, या दोन वेगळ्या आहेत. बाजूच्या भिंतीतही उभ्या सांध्यांमधून दगड निखळू शकतात, त्यामुळे सुटे दगड उतरवणे, पायथ्याशी दगड अडवणारा चर आणि बांध, आणि भिंतीच्या उंचीहून अधिक अंतरावर कठडा, एवढे लागेलच. मागची भिंत मात्र टप्पे पाडून झाडांखालीच जावी, या मतावर मी कायम आहे.

सह्यभ्रमंती, डोंबिवली

मागची भिंत झाकून बाजूची एक उघडी ठेवायची, एवढाच प्रस्ताव असेल तर माझा विरोध सौम्य होतो, पण संपत नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठीच्या कायद्याचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये प्रसिद्ध केला होता. तसे संरक्षण कुठल्याही स्वरूपात मागायचे झाले, तर ते केवळ भिंतीपुरते मागू नये. भिंतीच्या वरचा न कापलेला माथा आणि त्या रांगेचा उरलेला उतारही त्याच सीमारेषेत यावा. तसे नसेल तर आपण डोंगराचा छेद जपू आणि डोंगर गमावू. ही अट मान्य असेल तर मी आपल्याबरोबर आहे, एरवी नाही.

कातळवाचक, नेरूळ

अट मान्य आहे, आणि घरांचा क्रमही. मूळ प्रस्तावात तसा बदल करतो: पायथ्याच्या वस्तीचे काम आधी, मागची भिंत झाकलेली, माथ्यासह एकच सीमारेषा, आणि बाजूची एक भिंत उघडी. तुर्भ्याच्या ताईंनी फलकावरची ओळ स्वतः लिहावी अशी त्यांना विनंती आहे.

बाजूच्या दोन भिंतींपैकी मी उत्तरेकडची सुचवतो. तिचे तोंड दक्षिणेला असल्याने हिवाळ्यात तिच्यावर बराच वेळ ऊन राहील, ओल लवकर सुकेल आणि शेवाळ कमी धरेल. समोरच्या दक्षिण भिंतीवर त्याच दिवसांत सावली असते. उत्तरेकडच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर उजव्या हाताला माथेरानची दिशा येते आणि डाव्या हाताला खाडी, आणि लाल पट्टा उजवीकडून डावीकडे उतरत जाताना दिसतो.