तळमजल्यावर राहायचं, वरचा मजला भाड्याने द्यायचा: पहिलंच घर असं घ्यावं का?

दोनखोल्या

मंडळी, सल्ला हवा आहे. महाराष्ट्रातच, महापालिकेच्या हद्दीत एक जुनं दुमजली रो-हाऊस विकाऊ आहे. खाली ६०० चौरस फूट, वर ४००. वर वेगळं स्वयंपाकघर आणि न्हाणी आहे, पण जिना खालच्या हॉलमधून जातो. विजेचा मीटर एक, गच्चीवर टाकी एक. किंमत ८० लाख. हातात २४ लाख आहेत, ६० लाख कर्ज काढायचा विचार आहे (२० वर्षं, साडेआठ टक्के). वरच्या मजल्याला १६ हजार भाडं सहज येईल असं एजंट म्हणतो.

वर सध्या विकणाऱ्यांचाच एक भाडेकरू आहे, सात वर्षांपासून. लेखी काही नाही. मालक म्हणतात, "माणूस सज्जन आहे, राहू दे, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू."

भाड्यातून हप्त्याचा बराचसा भाग निघेल हे गणित बरोबर आहे का? आणि खरेदीआधी नेमकं काय काय तपासू?

आकडेमोड

गणितापासून सुरू करतो, कारण तिथेच दोन भोकं आहेत.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. ६० लाखांना ५२ हजारांच्या थोडा वर. भाडं बारा महिने धरू नका. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, रंगरंगोटी होते, एजंटला द्यावे लागतात. वर्षाला दहा महिन्यांचं भाडं हातात येईल असं धरा: १,६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १३,३००. हप्त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. आपल्याकडे घराच्या किमतीच्या मानाने भाडी कमीच असतात, त्यामुळे "भाड्यावर हप्ता निघतो" हे एजंटच्या तोंडीच शोभतं. उरलेले ३९ हजार पगारातून आरामात भरता येत असतील तरच पुढे जा.

दुसरं भोक हातातल्या रकमेचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरत नाहीत. तुमचं ६० लाख त्यात बसतं. पण तुमच्या खिशातून २० लाख, वर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ ते ७ टक्के (७ धरलं तर ५.६ लाख), नोंदणी फी ३० हजार. झाले २५.९ लाख. वकील, बँकेचे खर्च, घराची डागडुजी आणि दोन मजले वेगळे करण्याचं काम यात धरलेलंच नाही. रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर व्यवहारापेक्षा जास्त निघाला तर मुद्रांक त्या जास्त आकड्यावर. २४ लाखांत हे बसत नाही. कर्ज ६४ लाखांपर्यंत ताणता येईल, पण मी ताणणार नाही. किंमत खाली आणा किंवा थांबा.

किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाचा आयकर) कापून तुम्हालाच भरायचा आहे. तो खर्च नव्हे, पण विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या नावावर.

दस्तवाला

आधी तो सज्जन भाडेकरू. या व्यवहारातली सगळ्यात मोठी जोखीम तोच आहे, माणूस कितीही चांगला असो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचा हक्क न देता नुसती मुदतीपुरती वापराची परवानगी, ती घेणारा लायसन्सी) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल तर ज्या अटींवर घर दिलं त्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे उद्या तो म्हणाला, "मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे, आणि भाडं ३ हजारच ठरलंय," तर खोडून काढायचं काम तुमचं. घर विकलं म्हणून त्याचा हक्क संपत नाही. मालकाच्या जागी फक्त तुम्ही येता. मग बाहेर काढायला कलम १६ मधली कारणं आणि कोर्ट. त्याला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू नये.

तेव्हा विसार (बयाणा) पावतीतच लिहून घ्या की खरेदीखत होण्याआधी वरचा मजला रिकामा करून ताबा द्यायचा आणि त्याशिवाय मोठी रक्कम द्यायची नाही. त्या माणसाकडून त्याच्या सहीने लेखी घ्या की हक्क सोडून ताबा दिला, कोणताही दावा उरलेला नाही. तोच माणूस पुढे ठेवायचा असला तरीही हे आधी. जुनी भाडेदारी न सोडवता नुसता नवा लीव्ह अँड लायसन्स केला तर तो कागद जुन्या हक्कावर चिकटवलेलं ठिगळ ठरतो.

कागद: वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), सूची क्रमांक २ च्या (नोंदलेल्या दस्तांच्या उताऱ्याच्या) प्रती, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा दाखला). मंजूर नकाशा हातात घेऊन घरात फिरा. वरचा मजला नकाशात आहे का? वरचं स्वयंपाकघर बाल्कनी बंद करून केलेलं आहे का? बँकेचा व्हॅल्युअर मंजूर बांधकामाचीच किंमत धरतो. वरचे ४०० फूट विनापरवाना निघाले तर कर्ज त्या प्रमाणात खाली येतं, आणि महापालिकेची नोटीस आली तर भाड्याचं सोडा, मजलाच धोक्यात. एजंट "गुंठेवारीत (विनापरवाना प्लॉट-बांधकामं नियमित करायच्या कायद्यात) बसवून घेऊ" म्हणाला तर नियमितीकरणाचा आदेश प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढे सरकू नका. ती सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपुरतीच आहे.

पाणीवीज

कागद झाले, आता भिंती. एका घराची दोन घरं होतात का, हे खरेदीआधी टेप घेऊन ठरवायचं.

जिना हॉलमधून जातो म्हणता. बाहेरून लोखंडी जिना काढणं सगळ्यांना सोपं वाटतं, पण तो मोकळ्या सोडायच्या मार्जिनमध्ये येतो आणि त्याला परवानगी लागते. त्यापेक्षा मुख्य दरवाजाच्या आतच साडेतीन-चार फुटांची लॉबी काढा: जिन्याला लागून १०० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांची) भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, आणि त्यात तुमच्या हॉलचा नवा दरवाजा. प्लायवूडचं पार्टिशन नको, वरच्यांचा चपलांचा आवाजसुद्धा तुमच्या हॉलमध्ये ऐकू येईल. भिंत आखण्याआधी जिन्याच्या वळणावरची मोकळी रुंदी मोजा. फ्रिज आणि दुहेरी पलंगाच्या फळ्या तिथून वळल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक भाडेकरूच्या वेळी सामान दोराने गच्चीवरून चढवावं लागेल.

वीज: एका मीटरवर दोन कुटुंबं ठेवू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि पुढे. दोन्ही घरं २००-२०० युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरवर प्रत्येकाची १०० युनिटं पहिल्या आणि १०० दुसऱ्या टप्प्यात जातात. एकाच मीटरवर ४०० झाली की पहिल्या स्वस्त टप्प्यातली १०० युनिटं गेली आणि शेवटची १०० तिसऱ्या, महाग टप्प्यात पडली. सबमीटर लावून वाटणी होते, पण बिल कमी होत नाही, उलट जास्त कोणामुळे आलं यावर दर महिन्याला घासाघीस. दुसरी जोडणी तुमच्याच नावाने घ्या. त्यासाठी वरचं वायरिंग वेगळ्या डीबीवर (फ्यूज-स्विचच्या पेटीवर) आणावं लागेल, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल. वायरिंग उघडलंच आहे तर वर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसण्यापासून वाचवणारा स्विच) आणि गिझरला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) टाका. पंप आणि जिन्याचा दिवा तुमच्या मीटरवर ठेवून त्याची ठरावीक रक्कम भाड्यातच धरा.

पाणी: माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांना ५४०. वरच्यांना स्वतंत्र टाकी द्या, आपापला फ्लोट व्हॉल्व्ह. एकाच टाकीवर दोन घरं म्हणजे सकाळी सातला कोणाचं तरी साबण लावलेलं डोकं तसंच.

आणि वरच्या न्हाणीची चाचणी विसाराआधी करा. नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाचं) तोंड बोळ्याने घट्ट बंद करायचं, उंबरठ्याच्या आत दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवायचं, पातळीवर भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. ४८ तासांनी खूण बघा, आणि खालून छतावर हात फिरवा. ओल बहुतेक वेळा मधोमध नाही, पाइप स्लॅबमधून उतरतो त्या कडेला दिसते. उष्णतेने पाणी थोडं कमी होईलच, पण खालचा चुना फुगलेला किंवा हात ओला झाला तर न्हाणी पूर्ण उखडून वॉटरप्रूफिंग, आणि ते पैसे किमतीतून वजा करून मागायचे.

दोनखोल्या

सगळ्यांचे आभार. २४ लाखांचं गणित डोळे उघडणारं आहे. दोन शंका: आपण खाली राहावं की वर? आणि आयकरात याचं काय होतं?

पाणीवीज

खाली. गळती झाली तर पहिल्या दिवशी तुमच्याच छतावर दिसते. वर राहिलात तर तुमच्या न्हाणीची ओल भाडेकरूच्या छतावर, आणि तो सांगेल तेव्हा कळेल.

दस्तवाला

माझं मत उलट. वर राहिलं की गच्ची आणि टाकी तुमच्या ताब्यात राहते, आणि गच्चीवरून होणारे वाद वाचतात. अर्थात तुमचं खालचं घर मोठं आहे, त्यामुळे खाली राहणंच सोयीचं. मग करारात स्पष्ट लिहा: दिलेली जागा म्हणजे पहिला मजला, इतके चौरस फूट, जिना फक्त येण्याजाण्यापुरता सामायिक, गच्ची दिलेली नाही, टाकी दुरुस्तीसाठी मालकाला कधीही जाता येईल, पार्किंग एक दुचाकी. "घर क्रमांक अमुक" एवढंच लिहिलं तर पूर्ण घराबद्दल वाद उभा राहू शकतो.

मुदत ११ महिन्यांची ठेवण्यात महाराष्ट्रात काही फायदा नाही. नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची आहे, मग दर वर्षी खर्च कशाला? २४ महिने करा, दुसऱ्या वर्षाची वाढ करारातच. शुल्काचं गणित असं: एकूण भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, त्या बेरजेच्या ०.२५ टक्के. १६ हजार भाडं (सोपं जावं म्हणून वाढ धरलेली नाही), ६० हजार डिपॉझिट, २४ महिने: ३,८४,००० अधिक १२,०००, त्याचे ९९० रुपये. नोंदणी फी शहरात १,०००. आधार-बायोमेट्रिकने घरबसल्या ई-नोंदणी होते.

नोंदणीचा खरा फायदा मुदत संपल्यावर: त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताब्यासाठी जाता येतं, आणि मुदतीनंतर बसून राहिलेल्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पोलिसांना भाडेकरूची ऑनलाइन माहितीही त्याच आठवड्यात द्या. रो-हाऊस सोसायटीत असेल आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिल्याबद्दलचा आकार) मागितले, तर ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत.

आकडेमोड

आयकर: भाग वेगळे असतील तर राहता भाग आणि भाड्याचा भाग ही दोन घरं धरायची, व्याज आणि घरपट्टी क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायची. तुमच्याकडे ६०:४०.

पहिल्या वर्षी व्याज साधारण ५.०५ लाख. त्यातलं वरच्याचं २.०२ लाख. वरचं भाडं पूर्ण वर्षाचं धरलं तर १,९२,०००. घरपट्टी १५ हजार असेल तर ४० टक्के, ६,०००, वजा (तुम्हीच आणि त्याच वर्षी भरलेली असली पाहिजे). उरलेल्या १,८६,००० वर ३० टक्के सरसकट वजावट, पावत्या लागत नाहीत. राहिले १,३०,२००. त्यातून २.०२ लाख व्याज गेलं की ७१,८०० तोटा.

आयकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या भागाचं व्याज जास्तीत जास्त २ लाख धरता येतं. पण घराचा एकूण तोटा पगारातून वर्षाला २ लाखच वजा होतो, म्हणून ७१,८०० पुढच्या आठ वर्षांसाठी फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर ओढून नेता येतात. नव्या पद्धतीत राहत्या भागाचं व्याज शून्य, आणि भाड्याच्या भागाचं व्याज भाड्यापुरतंच. उरलेला तोटा पगारातून जात नाही. तुमचा पगार आणि इतर वजावटी टाकून दोन्ही पद्धतींनी एकदा मांडून बघा. आणि सात वर्षांच्या त्या भाडेकरूचं लेखी होईपर्यंत विसाराचा चेक फाडू नका.