मदत हवी आहे: पेटीच्या कडेला डेप्थ कॅमेरा उंदराची उंची कमी दाखवतो

मंडळी, सोलापुरात औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही मांडणी आहे. 40 × 40 सेंमीची पारदर्शक अॅक्रिलिक पेटी, तळापासून 70 सेंमीवर खाली तोंड केलेला टाइम-ऑफ-फ्लाइट (प्रकाश जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा) कॅमेरा, 512 × 424 पिक्सेल, सेकंदाला 30 फ्रेम. रिकाम्या पेटीच्या 300 फ्रेमचा मध्यक वजा करून 10 ते 100 मिमी उंचीचं जे उरतं, तो उंदीर.

मधोमध मोजणी चोख. भिंतीलगत 3-4 सेंमीच्या पट्ट्यात मात्र उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला तरी नोंदच होत नाही. कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश भिंतीवरून उडून लांबच्या वाटेने परततो, अंतर जास्त भरतं, उंची घटते. आणि उंदीर उभा राहतो तो बहुतेक भिंतीलाच टेकून!

कॅमेरा तापून स्थिर व्हावा म्हणून अर्धा तास आधी चालू ठेवतो. दुपारच्या उन्हासाठी खिडकीवर दुहेरी सोलापुरी चादर टाकली. उन्हामुळे चित्रात येणारे चुकीचे ठिपके कमी झाले, कडेचा घोळ तसाच.

आता आतून मॅट काळा रंग द्यावा की पॉलिश पेपरने भिंती खरवडाव्यात? डोळ्याला काळा दिसणारा रंग अवरक्तात उजळ निघू शकतो, ही धास्ती आहे. शिवाय दर उंदरानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसावं लागतं, त्यात न सुटणारा रंग हवा. खरवडलेल्या चरांत वास राहतो का? कुणी वापरून पाहिलंय?