मदत हवी आहे: रान माजलेल्या जुन्या दफनभूमीत फिरताना पॉयझन आयव्हीपासून कसे वाचावे?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. जुन्या दफनभूमींतल्या शिळांची छायाचित्रे काढायची, त्यांवरचा झिजलेला मजकूर लावायचा आणि आपले पूर्वज शोधणाऱ्या लोकांसाठी तो संकेतस्थळावर चढवायचा, हे काम मी चार वर्षांपासून हौसेने करतो. या नादाची सुरुवात न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी झाली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात वारल्या, त्यानंतर त्यांच्या अस्थी त्यांच्या अमेरिकेतल्या यजमानीण थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांच्या नावाची शिळा उभी राहिली. ती पाहायला म्हणून गेलो आणि आजूबाजूच्या शिळा वाचण्यातच दिवस मावळला. ती दफनभूमी निगराणीतली आहे, तिथे गवतसुद्धा कापलेले असते. हल्ली मात्र मी ज्या जागी जातो तिथे दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या शेतकरी कुटुंबाने बांधाच्या कडेला आपली माणसे पुरलेली असतात, पुढे शेत विकले जाते, आणि पंधरा-वीस तांबूस वालुकाश्माच्या शिळा व एक मोडके लोखंडी कुंपण एवढेच रानात उरते.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका जागी गेलो होतो. झाडांना पालवी फुटायची होती, त्यामुळे पॉयझन आयव्हीची, म्हणजे अंगाला लागली की पुरळ उठवणाऱ्या इथल्या रानवेलीची, भीती नाही असे मी गृहीत धरले. तीन पानांची वेल दिसली तर लांब राहायचे, एवढेच मला ठाऊक होते आणि तिथे तर पानच नव्हते. एका कलत्या शिळेमागे जाताना जमीन भुसभुशीत लागली, पाय खचला, आणि तोल सावरायला मी शेजारच्या झाडाच्या बुंध्याला मिठीच मारली. बुंध्यावर काथ्याच्या दोरासारखे काहीतरी चिकटलेले होते, पण मी त्याकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत ओळीने फोड आले. जवळच्या एका दवाखान्यात सहा दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी आराम पडला, पण त्या संपताच पुरळ पुन्हा उसळले. याहून चक्रावणारी गोष्ट अशी की सगळे बरे झाल्यावर, मे महिन्यात, घराबाहेर कुठेही गेलेलो नसताना उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत तेच फोड परत आले.

माझे प्रश्न असे आहेत. पाने नसताना ही वेल ओळखायची कशी? दुसऱ्या वेळचे फोड आले कुठून? ज्या शिळेवरच वेल चढलेली आहे तिचा मजकूर वाचायचा कसा? आणि शेवटचा प्रश्न थोडा घरगुती आहे: लहानपणी, संगमेश्वरला आजोळी असताना, मला बिब्बा उतला होता आणि महिनाभर तोंड सुजलेले होते, असे आई सांगते. त्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

— दगडवाचक

*

दगडवाचक, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांचे मूळ तिथेच आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे.

पॉयझन आयव्ही, आपला बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत. पॉयझन आयव्हीच्या चिकात जे तेल असते त्याला उरुशिऑल म्हणतात. जपानात याच कुळातल्या एका झाडाच्या चिकापासून लाखेसारखे रोगण करतात, त्याला उरुशी म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बिब्ब्याच्या तेलातली आणि काजूच्या टरफलातली द्रव्ये घडणीने त्याच्या फार जवळची आहेत. ही भाजण्यासारखी जखम नसते. आपल्या शरीराची प्रतिकारयंत्रणा एकदा त्या द्रव्याला ओळखायला शिकली की पुढच्या वेळी ती त्वचेवरच तुटून पडते. ज्याची ही ओळख झालेली नाही त्याला पहिल्या स्पर्शानंतर पुरळ यायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, आणि झालेली असली तर बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उठते. तुम्हाला दुसऱ्या दिवशी रात्रीच खाज सुटली, म्हणजे तुमच्या अंगाची ओळख आधीच झालेली होती. ती बिब्ब्याने करून दिली, की मागच्या चार वर्षांत कधीतरी नकळत वेलीला हात लागला होता, हे आता सांगता येणार नाही. पण बिब्ब्याचा संशय वावगा नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर असेच चट्टे उठले होते. परटाने कपड्यांवर बिब्ब्याने खुणा केल्या होत्या आणि चट्टे बरोबर त्या खुणांच्या जागी होते.

आता ओळखीबद्दल. पळसाला पाने तीनच, तशी हिलाही तीनच. पण तीन पानांचे प्रत्येक झुडूप ही वेल नसते. ही तीन ‘पाने’ म्हणजे खरे तर एकाच पानाचे तीन भाग, पर्णिका. त्या तीन पर्णिकांपैकी मधलीचा देठ लांब असतो, बाजूच्या दोन जवळजवळ देठाविनाच बसलेल्या असतात आणि त्यांचा आकार पुष्कळदा एका अंगाला फुगलेला, अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखा असतो. पाने फांदीवर एकाआड एक येतात. समोरासमोर आली तर ते बहुधा बॉक्स एल्डर या झाडाचे रोप असते, आणि काटे दिसले तर ती ब्लॅकबेरीसारखी काटेरी जाळी असते. पाच पर्णिकांची व्हर्जिनिया क्रीपर ही दुसरी वेल तिच्याच शेजारी गुंफलेली सापडते, तेव्हा एक पाच पानांची फांदी पाहून निर्धास्त होऊ नका. कोवळी पाने तांबूस आणि चकचकीत असतात, शरद ऋतूत ती लालभडक होतात, आणि त्या सुमारास पांढुरक्या फळांचे घोस दिसतात.

पाने झडल्यावर तुम्ही जिला मिठी मारलीत तीच खूण शोधायची. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला तपकिरी केसांसारखी मुळे फुटतात आणि ती हुबेहूब सुंभासारखी दिसते. तेल पानांत असते तसे खोडात आणि मुळांतही असते, हिवाळ्यातही असते, आणि वेल मेली तरी जात नाही.

दफनभूमीतच ही वेल इतकी का सापडते, असे तुम्ही विचारलेले नाही, पण सांगतो. तिला दाट जंगलापेक्षा रानाची कड आवडते, जिथे अर्धे ऊन आणि अर्धी सावली असते. पक्षी तिची फळे खातात, मग कुंपणावर किंवा उंच शिळेवर येऊन बसतात, आणि बी नेमके तिथे पडते. म्हणून कुंपणाचा पाया आणि शिळेची पाठ या दोन जागा आधी लांबून न्याहाळाव्यात.

— पानगळ

*

दुसऱ्या वेळच्या फोडांचे उत्तर माझ्याकडे आहे, कारण माझ्या यजमानांचे तेच झाले होते. तुमच्या बुटांच्या नाड्या पाहा.

हे तेल वाळून उडून जात नाही. हत्यारांवर, बुटांवर, कुत्र्याच्या केसांवर ते राहते, आणि कोरड्या जागी ठेवलेल्या वस्तूंवर वर्षानुवर्षे टिकू शकते. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरते असे आपल्याकडच्या बायका मला काळजीने सांगत होत्या, पण तसे होत नाही. नवे फोड आले याचा अर्थ तेल कुठेतरी शिल्लक आहे, किंवा जिथे कमी लागले होते तिथे ते उशिराने उठले. तुम्ही मे महिन्यात उजव्या हाताने काय धरले होते ते आठवून पाहावे. कॅमेऱ्याचा पट्टा, तिपाईची मूठ, गाडीचे स्टीअरिंग, यांपैकी काहीतरी निघेल.

धुण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. आंब्याचा देठ काढताना चीक ओठाला लागला तर आपण लगेच धुतो, कारण तो दिसतो आणि चिकटतो. हा चीक दिसत नाही, म्हणून अंगाला लागलाच आहे असे धरून चालावे. परत गाडीपाशी येताच, दाराला हात लावण्याआधी, भांडी घासायचा द्रवसाबण हातांना लावावा, खरखरीत फडक्याने घासावे आणि भरपूर गार पाण्याने धुवावे. असे दोन-तीनदा करावे, आणि नखांच्या आतही घासावे. नुसता साबणाचा हात फिरवल्याने तेल जात नाही, घासणे महत्त्वाचे आहे. जितके लवकर धुवाल तितके बरे; पहिल्या काही मिनिटांत धुतले तर पुष्कळ टळते. आम्ही गाडीत पाच लिटर पाण्याचा कॅन आणि साबणाची बाटली कायम ठेवतो. बिब्बा उतल्यावर खोबरेल लावायची आपली सवय आहे, पण धुण्याआधी तेल चोळले तर चीक अंगभर पसरायचा. कपडे उलटे करून थेट यंत्रात टाकावेत, सोफ्यावर नाही. नाड्या फेकून द्याव्यात, दोन डॉलरच्या वस्तूसाठी जीव टांगणीला लावू नये.

औषधाबाबत: स्टिरॉइडचा छोटा कोर्स संपताच पुरळ उसळणे हे नेहमीचे आहे, आणि म्हणूनच जास्त फोड असतील तर त्वचारोगतज्ज्ञ दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत जाणाऱ्या गोळ्या देतात. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ किंवा नाजूक जागी उठले तर घरी वाट पाहू नये.

— सुगरण_पेनसिल्व्हेनिया

*

वरील दोघांशी सहमत आहे, पोशाखाची भर घालतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट, पँटची टोके मोज्यांत खोचलेली, आणि घोट्यापर्यंतचे बूट. हे गोचिडीसाठीही लागतेच. गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम हा आजार ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते गाव इथून फार लांब नाही. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे हातमोजे मात्र नकोत, त्यांतून हे तेल झिरपते. जाड व्हायनलचे घ्यावेत.

वेल चढलेली शिळा असेल तर वेल ओढू नका. एक तर तुम्हाला उतेल, आणि दुसरे म्हणजे तांबूस वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे मुळांबरोबर अक्षरेही निघून येतील. तणनाशकही फवारू नका, त्यातले क्षार दगडात मुरतात. जागेचा मालक किंवा गावाची कचेरी यांना कळवावे आणि त्यांच्या परवानगीने जाणत्या माणसाकडून बुंध्याशी वेल कापून घ्यावी. कापलेली वेल कुणी जाळायला निघाले तर हात जोडून थांबवा, कारण तो धूर फुप्फुसांत गेला तर जिवावर बेतू शकते. बाकीच्या शिळांसाठी मी आरसा वापरतो. सहा-सात फूट लांब उभे राहून आरशाने ऊन शिळेवर तिरके पाडले की झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात, आणि लांब पल्ल्याच्या भिंगाने छायाचित्र निघते. शिळेजवळ जायची गरजच पडत नाही.

— आरसेवाला

*

सर्वांचे आभार. सुगरणताई, तुमचा अंदाज थोडक्यात चुकला: नाड्या नव्हेत, तिपाईच्या मुठीवरचे फोमचे आवरण निघाले. एप्रिलमध्ये तिपाई त्या बुंध्याला टेकवून ठेवली होती, आणि मे महिन्यात घरी बसून तिचे स्क्रू आवळले होते. आवरण कापून टाकले, मूठ तीनदा धुतली, आणि नाड्याही बदलल्या.

काल त्याच जागी पुन्हा गेलो होतो. आता पाने आली आहेत, आणि पानगळ सरांनी सांगितल्याप्रमाणे कुंपणाच्या पायाशी पाहिले तर एका बाजूला पूर्ण भिंतच त्या वेलीची आहे. माझ्या मिठीतल्या झाडावरची वेल मनगटाएवढी जाड आहे. आरशाने अकरा शिळा वाचून झाल्या. एका शिळेवर पंख असलेला चेहरा कोरलेला आहे आणि खाली १७९१ स्पष्ट दिसते, ते एप्रिलमध्ये शेजारी उभे राहूनही मला वाचता आले नव्हते. दोन शिळा वेलीखाली आहेत, त्यांच्याबद्दल गावाच्या कचेरीला पत्र लिहिले आहे. उत्तर आले की इथेच कळवतो.

— दगडवाचक